पक्षीविहारातली अंडी आणि रात्रीचा दाणा: एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

प्राणीसंग्रहालयाची बातमी होते ती नवा प्राणी आला की. राणीच्या बागेत २०१६ साली सोलहून आठ हम्बोल्ट पेंग्विन आले आणि पुढची कित्येक वर्षं बागेची ओळख तीच झाली. २०२० च्या जानेवारीत तिथला मुक्त पक्षीविहार उघडला. जाळीच्या आतून आपण चालत जायचं, पक्षी डोक्यावरून उडत राहणार, ही मांडणी मुंबईकरांना आवडली. अशा मोठ्या, मिश्र पिंजऱ्यांनी पक्ष्यांचं भलं केलं यात शंका नाही. पण माती, दाट झाडोरा, उथळ पाणी आणि दिवसभर पसरलेला दाणा या चार गोष्टी एकत्र आल्या की पक्ष्यांइतकीच सोय उंदरांचीही होते. त्याची बातमी होत नाही.

पुढचं प्रकरण राणीच्या बागेतलं नाही. मुंबईच्या हद्दीतल्या एका छोट्या संग्रहातलं आहे. ओळख पटू नये म्हणून मांडणीचे तपशील आणि आकडे थोडे बदलले आहेत, घटनांचा क्रम मात्र तोच ठेवला आहे.

पक्षीविहार साधारण ३० मीटर लांब, १५ मीटर रुंद, ७ मीटर उंच. वरून आणि चारही बाजूंनी २५ मिलिमीटर घराची वेल्ड मेश जाळी. जमीन खाडीलगतच्या भरणीची, म्हणजे भुसभुशीत, राडारोडा मिसळलेली. आत झाडांवर राहणारे बगळे-शराटी आहेत, पण या प्रकरणात महत्त्वाचे ते जमिनीवर घरटं करणारे: सोनेरी फेझंट, राखी रानकोंबडे आणि हळदीकुंकू बदकं. त्यांच्यासाठी मातीची तीन टेकाडं करून त्यावर गवत आणि झुडपं लावली होती. पावसाळ्यात आतलं मैदान चिखल होतं, कोरडी राहतात ती एवढी टेकाडंच.

मनुष्यबळ: एक जीवशास्त्रज्ञ, आठवड्यातून तीन दिवस येणारे पशुवैद्यक, एक मुकादम आणि दोन प्राणीपाल. प्राणीपालांची पाळी सकाळी आठ ते पाच. रात्री फक्त सुरक्षारक्षक, त्याच्याकडे पक्षीविहाराची किल्ली नाही.

अडचण

मार्चपासून अंडी नाहीशी होऊ लागली. फेझंटची मादी बसलेली दिसायची, चार-पाच दिवसांनी घरटं रिकामं. फेझंटचं अंडं उबायला २२ ते २३ दिवस लागतात. एकही घरटं तिथवर पोचलं नाही. एप्रिलमध्ये एका रानकोंबडीचं जेमतेम उबलेलं पिल्लू सकाळी अर्धं खाल्लेलं मिळालं, तेव्हा विषय वरिष्ठांपर्यंत गेला.

पहिला संशय कावळ्यांवर. जाळीवर दिवसभर कावळे बसलेले असतात, म्हणून. वास्तविक २५ मिलिमीटरच्या घरातून कावळ्याचं डोकंसुद्धा आत जात नाही, आणि जाळी कुठे फाटलेली नव्हती. दुसरा संशय धामणीवर. ती दोनदा टेकाडाजवळ दिसली होती. वनविभागाला कळवून ती पकडवली आणि बाहेर सोडण्यात आली. पंधरा दिवस सगळे निर्धास्त होते. मग आणखी दोन घरटी गेली.

या टप्प्यावर कोणी घरट्यातले अवशेष नीट पाहिले असते तर महिना वाचला असता. साप अंडं अख्खं गिळतो, मागे टरफल राहत नाही. कावळा चोचीने भोक पाडतो, टरफल उघड्यावर पडतं. मुंगूस टोकाकडून फोडतं आणि सहसा घरट्यावरच्या मादीलाही सोडत नाही. घूस किंवा उंदीर टरफल कुरतडतो: कड ओबडधोबड, दातांच्या बारीक खुणांची, आणि तुकडे घरट्यापासून दूर, झुडपाखाली किंवा बिळाच्या तोंडाशी. मुकादमाने टेकाडाच्या मागच्या बाजूला असे तुकडे पाहिले होते. त्याला कोणी विचारलं नाही, त्यानेही सांगितलं नाही.

चोर कोण, हे कसं ठरलं

मेच्या सुरुवातीला तीन साध्या गोष्टी केल्या गेल्या.

इन्फ्रारेड कॅमेरा घरट्यापासून दीड मीटरवर, गुडघ्याच्या उंचीला बांधला. चार रात्रींत चित्र स्पष्ट झालं. रात्री साडेअकराच्या सुमारास मादी अस्वस्थ होऊन उठते आणि छोटी घूस अंडं पुढच्या पायांनी नि हनुवटीने ढकलत झुडपात नेते. त्याच कॅमेऱ्यात जाळीच्या वरच्या पाइपवरून पळणारा काळा उंदीरही दिसला. म्हणजे प्रश्न दोन होते. घूस खणते, बिळाच्या तोंडाशी मोकळ्या मातीचा ढीग करते, दाणा साठवते. काळा उंदीर चढतो, फांदीवरून, केबलवरून, पाइपवरून येतो आणि नव्या वस्तूला चटकन तोंड लावत नाही. एकाचा उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही.

दुसरं, बिळांची मोजणी. संध्याकाळी सापडतील तेवढी बिळं माती आणि कागदाच्या बोळ्याने बुजवायची, सकाळी उघडी पडलेली मोजायची. ३१ बुजवली, १९ उघडली. या १९ ला जिवंत बिळं म्हणायचं. त्यातली बारा टेकाडांवर होती.

तिसरी गोष्ट सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत उपयोगी ठरली: दाणा वजन करणे. रोज ज्वारी, बाजरी, राळा आणि फोडलेला मका मिळून सहा किलो आत जात होता. पाच वाजता, पाळी संपताना, थाळ्यांत १.४ किलो शिल्लक. सकाळी आठला उरलेला जेमतेम २०० ग्रॅम. रात्री पक्षी फारसे खात नाहीत. मग सव्वा किलोच्या आसपास दाणा रोज जात कुठे होता? उंदीर दिवसाला साधारण आपल्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याइतकं खातो. सरासरी २५ ग्रॅम धरले तर हा पन्नासएक जनावरांचा शिधा होतो. घूस साठा करते, त्यामुळे आकडा ढोबळच. पण संग्रह रोज पन्नास उंदीर पोसतो आहे हे वाक्य बैठकीत उच्चारलं गेलं आणि चर्चा बदलली.

दाणा रात्रभर का राहायचा? कारण शेवटचा दाणा साडेचारला टाकला जायचा आणि पाळी पाचला संपायची. थाळ्या उचलण्यासाठी कोणी नसायचं. यात कोणाचा आळस नव्हता, वेळापत्रकच तसं होतं.

समोर असलेले पर्याय

*विष.* सगळ्यांत आधी हेच सुचतं. मुंबईत बिळात अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या टाकून तोंड लिंपण्याची पद्धत जुनी आहे. ओलावा लागला की फॉस्फीन वायू सुटतो. प्रशिक्षित, परवानगी असलेल्या माणसानेच करायचं हे काम आहे. भुसभुशीत भरणीत वायू कुठून बाहेर येईल याचा भरवसा नाही, आणि त्याच मातीवर पक्षी झोपतात. पशुवैद्यकांनी हा पर्याय पहिल्याच दिवशी बंद केला. झिंक फॉस्फाइड दाण्याला लावून ठेवतात, आणि दाणा खाणाऱ्या पक्ष्यांच्या पिंजऱ्यात तर तो सरळ पक्ष्यांनाच घातल्यासारखा झाला असता.

राहता राहिलं ब्रोमॅडिओलोन, ०.००५ टक्क्यांच्या मेणवड्या. कुलूपबंद डबीत ठेवल्या तर पक्षी पोचत नाहीत, म्हणून कंत्राटदाराचा आग्रह यासाठी होता. अडचण पुढची आहे. हे रक्त गोठू न देणारं विष आहे, उंदीर मरायला काही दिवस लागतात. त्या दिवसांत तो सुस्त होतो, दिवसाउजेडी बाहेर फिरतो आणि सहज शिकार होतो. शराटी आणि बगळे अशी शिकार सोडत नाहीत. परिसरात गव्हाणी घुबडाची जोडी होती, ती उंदीर अख्खा गिळते. विष यकृतात दीर्घकाळ टिकतं, एका उंदराने नाही तरी असे अनेक खाऊन घुबड मरू शकतं. ‘के-१’ जीवनसत्त्व हा उतारा पकडलेल्या पक्ष्याला देता येतो, झाडावरच्या घुबडाला नाही. निर्णय झाला: पक्षीविहारात आणि कुंपणाच्या आत कुठेही विष नाही.

*चिकट फळ्या.* पाली, चिमण्या, सापांची पिल्लं सगळंच चिकटतं. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळानेही त्यांच्याविरुद्ध सूचना दिलेल्या आहेत. चर्चा दोन मिनिटांत संपली.

*मूषक संहारक.* महापालिकेच्या कीटकनाशक विभागाचे रात्रपाळीचे मूषक संहारक टॉर्च आणि काठी घेऊन रात्री फिरतात, रात्रीचं उद्दिष्ट ३० उंदरांचं. यांचं कसब वादातीत आहे. पण पक्षीविहारात रात्री टॉर्च फिरली तर फेझंट बिचकून सरळ वर उडतात आणि जाळीवर डोकं आपटून घेतात. डोक्याची कातडी सोलली जाणं किंवा मान मोडणं ही फेझंट पाळणाऱ्यांना माहीत असलेली दुखापत आहे. म्हणून ही मदत फक्त भिंतीबाहेरच्या गल्लीसाठी मागायची ठरली.

*मांजर.* सुचवलं गेलं, हसण्यावारी नेलं गेलं. बरं झालं.

*सापळे, जाळीचं काम, दाण्याचं वेळापत्रक.* तिन्ही हवेत यावर एकमत होतं. वाद झाला तो क्रमावर, आणि या प्रकरणाचं खरं शिक्षण त्या वादात आहे.

पहिला निर्णय: आधी जाळी

जीवशास्त्रज्ञांचं म्हणणं होतं की आधी दाणा बंद करा, मग आतले पकडा, शेवटी बाहेरून येणारी वाट बुजवा. कंत्राटदार आणि अभियंत्याचं म्हणणं होतं की जूनमध्ये खोदकाम होणार नाही, तेव्हा जाळी आत्ताच. दोन्ही बाजू आपापल्या जागी बरोबर होत्या. जिंकली ती खोदकामाची बाजू, कारण तिची फाइल तयार होती. प्राणीपालांची पाळी बदलायची तर आस्थापना विभाग, संघटनेशी बोलणी, नवा आदेश, एवढं सगळं लागणार होतं.

काम असं ठरलं: जुन्या जाळीला खालच्या ६०० मिलिमीटर उंचीपर्यंत १२ मिलिमीटर घराची जाळी जोडायची, तीच जमिनीत ६०० मिलिमीटर खोल न्यायची आणि तळाशी बाहेरच्या बाजूला ३०० मिलिमीटर वळवायची, इंग्रजी ‘एल’च्या आकारात. घूस भिंतीलगत खणत खाली येते, वळलेल्या जाळीवर अडते आणि मागे हटून पुन्हा खणण्याऐवजी सहसा नाद सोडते. जमिनीखालची जाळी स्टेनलेस ३०४ ची, तार १.६ मिलिमीटर. कोटेशन जस्ताच्या जाळीच्या तिप्पट आलं, तरी मान्य झालं. खाडीलगतच्या खारट, ओल्या मातीत जस्ताचा मुलामा फार टिकत नाही. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात ती षटकोनी जाळी तर घूस दातांनीच तोडते.

खाडीच्या बाजूला चर खणताना भरतीच्या वेळी ४५० मिलिमीटरवरच पाणी लागलं. पंप लावून दोन दिवस काढले, चराच्या कडा ढासळत राहिल्या. शेवटी त्या बाजूला खोली सोडून रुंदी घेतली: १५० मिलिमीटर खोलीवर ९०० मिलिमीटर रुंद आडवी जाळी बाहेरच्या बाजूला पसरवली, उभ्या जाळीला दर १०० मिलिमीटरवर तारेने शिवली, वर दगड-मुरूम आणि पेव्हर. मातीकामाचा अनुभव असलेल्यांना हे सुरुवातीलाच सुचायला हवं होतं. पाण्याची पातळी पाहायला भरतीच्या वेळी एक खड्डा खणून बघणं पुरेसं होतं.

दारांना खालून ३०० मिलिमीटर पत्रा आणि रबरी पट्टी, फट ६ मिलिमीटरपेक्षा कमी. गटाराच्या तोंडाला जाळी बसवली ती कायमची न जोडता काढता येणारी टोपली केली, कारण पहिल्या मोठ्या पावसात जांभळाची पानं अडकून आतलं पाणी तुंबणार हे मुकादमाने सांगितलं. यावेळी त्याचं ऐकलं गेलं.

जूनच्या पहिल्या आठवड्यात काम पुरं झालं. वाट बंद झाली, पण आतले उंदीर आतच राहिले.

पावसाळा

पुढे काय झालं ते अपेक्षितच होतं. पाऊस लागला, खालची बिळं भरली, जिवंत राहिलेली सगळी जनावरं टेकाडांवर गेली. बाहेर जायला वाट नाही, दाणा नेहमीसारखा रात्रभर हजर. हळदीकुंकू बदकांनी जुलैच्या सुरुवातीला त्याच टेकाडांच्या गवतात अंडी घातली. पहिली दोन्ही घरटी आठवड्याच्या आत संपली. जाळी नसती तर कदाचित एखादं वाचलं असतं, असं म्हणणारे त्या बैठकीत होते आणि त्यांना उत्तर देणं अवघड होतं.

तातडीचा उपाय म्हणून तिसऱ्या घरट्यातली अंडी काढून उबवणी यंत्रात ठेवली आणि मादीखाली लाकडी अंडी ठेवली, म्हणजे ती बसून राहील. तापमान ३७.५ अंश सेल्सिअस, आर्द्रता ५५ ते ६०, अंडी दिवसातून पाच वेळा फिरवणे, सातव्या दिवशी टॉर्चवर धरून रक्तवाहिन्यांचं जाळं दिसतं का पाहणे. विसाव्या दिवसानंतर अंडी पुन्हा मादीखाली. बदकाचं पिल्लू अंड्यातून बाहेर आल्यावर ज्याला पाहतं त्याच्या मागे लागतं, म्हणून यंत्रात पिल्लं बाहेर पडू द्यायची नव्हती. उबायला २४ दिवसांच्या आसपास लागतात. उरलेले चार-पाच दिवस घरट्यावर १२ मिलिमीटर जाळीचा, तळालाही जाळी असलेला पिंजरा ठेवला, मादीला जायला-यायला दिवसा उघडणारं दार. नऊपैकी सहा पिल्लं आली. मादीने रात्री बंद राहणं मान्य केलं हे नशीब. सगळ्या माद्या करत नाहीत.

दाणा आणि सापळे

पाळीचा आदेश जुलैच्या मध्याला निघाला. एका प्राणीपालाची पाळी दहा ते सात झाली. शेवटचा दाणा साडेतीनला, थाळ्या सहाला उचलायच्या, उरलेलं वजन करून वहीत लिहायचं. थाळ्यांखाली एक मीटर व्यासाचे सिमेंटचे ओटे केले, म्हणजे सांडलेला दाणा चिखलात न मुरता झाडता येतो. रोजचा दाणा सहा किलोवरून पावणेपाचवर आणला. पक्ष्यांची वजनं दर पंधरवड्याला घेतली, ती उतरली नाहीत. म्हणजे बचत उंदरांच्या वाट्यातून झाली.

कोठारात गोणी जमिनीवर, भिंतीला टेकून ठेवलेल्या असायच्या. त्या जागी घट्ट झाकणाची पत्र्याची पिंपं आली, ३० सेंटिमीटर उंच मांडणीवर, भिंतीपासून हातभर सोडून, म्हणजे मागे झाडू जातो आणि लेंड्या दिसतात.

सापळ्यांचं काम सहा आठवडे चाललं. झटक्याचे चाप लाकडी खोक्यात, खोक्याला ६० मिलिमीटर भोक, म्हणजे फेझंट आत शिरत नाही. खोकं भिंतीलगत, चापाचं आमिषाचं टोक भिंतीकडे. पहिले चार दिवस चाप न ताणता नुसतं आमिष, कारण काळा उंदीर नव्या वस्तूजवळ येत नाही. घुशीला सुका बोंबील चालतो. काळ्या उंदरासाठी भाजलेलं खोबरं किंवा भज्याचा तुकडा. आमिष चापाला दोऱ्याने बांधायचं, नाहीतर चाटून जातात. दाणा बंद होण्याआधी हेच सापळे आठवडाभर लावून पाहिले होते, तेव्हा पकड नगण्य होती. भरल्या पोटी बोंबलाची कोणाला पडली आहे? दाणा उचलायला लागल्यावर चौथ्या रात्रीपासून सापळे भरू लागले.

रोज सकाळी सगळ्यांत आधी चाप तपासायचे. हातमोजे आणि गमबूट सक्तीचे. मेलेलं जनावर आणि खोकं एक टक्का सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणात भिजवायचं, मग दुहेरी पिशवी. मुंबईत २००५ च्या पुरानंतर लेप्टोची, म्हणजे उंदरांच्या लघवीतून पसरणाऱ्या तापाची, साथ काय असते हे शहराने पाहिलं आहे. चिखलात उघड्या पायाने उतरणारा प्राणीपाल सगळ्यांत धोक्यात असतो. पायाला जखम असलेल्याला आत पाठवायचं नाही, ताप आला तर सुट्टी आणि त्याच दिवशी डॉक्टर, आणि त्यावरचं डॉक्सिसायक्लिन हे औषध द्यायचं की नाही ते डॉक्टर ठरवतील, मुकादम नाही, असे तीन नियम भिंतीवर लावले. जिवंत पकडणारे पिंजरे वापरले नाहीत. त्यात सापडलेला उंदीर बहुतेक ठिकाणी पाण्यात बुडवला जातो, ते क्रूर आहे, आणि दूर सोडून येणं म्हणजे दुसऱ्याच्या दारात टाकणं.

वरचा उंदीर वेगळ्या उपायाने आटोक्यात आला. जाळीवर टेकलेल्या दोन फांद्या सव्वा मीटर मागे छाटल्या. फांद्या आपल्या कुंपणात असल्या तरी महापालिकेची परवानगी लागते, तिला तीन आठवडे गेले. उभ्या पाइपांवर ३०० मिलिमीटर रुंद गुळगुळीत पत्र्याचे पट्टे बसवले.

ऑगस्टअखेर जिवंत बिळं चारवर आली.

परिणाम

सप्टेंबरात गणपती आले. दोघांपैकी एक प्राणीपाल कोकणात गावी गेला, दुसऱ्याला सकाळची पाळी करावी लागली. आठ दिवस थाळ्या संध्याकाळी उचलल्या गेल्या नाहीत. वहीत त्या दिवसांच्या रकान्यांत ‘निरंक’ लिहिलेलं आहे, म्हणजे शिल्लक शून्य. ते सकाळचं वजन होतं, संध्याकाळचं नव्हे. गौरी-गणपतीनंतरच्या मोजणीत जिवंत बिळं सात निघाली. उंदीर बाहेरून आले नव्हते. उरलेल्या चार बिळांना तेवढा दाणा पुरेसा होता. यानंतर सुरक्षारक्षकाच्या पाळीतल्या एकाला थाळ्या उचलण्याचं काम आणि किल्ली दिली गेली. मार्चमध्येच किल्ली द्यायला हवी होती.

ऑक्टोबरात टेकाडं उतरवून नव्याने बांधली: तळाशी दगडाचा थर, त्यावर १२ मिलिमीटर जाळी, वर फक्त १५० मिलिमीटर माती. गवत वाढतं, बीळ होत नाही. मोठी झुडपं कुंड्यांसकट पुरली. हे काम संग्रह बंद असण्याच्या साप्ताहिक दिवशी तुकड्यातुकड्याने झालं, कारण एकाच वेळी तिन्ही टेकाडं काढली असती तर पक्ष्यांना आडोसा राहिला नसता.

पुढच्या हंगामात फेझंटची दोन घरटी यंत्राशिवाय, पिंजऱ्याशिवाय पार पडली. बदकांचं एक घरटं गेलं. यावेळी टरफलच नव्हतं. धामण परत आली होती. तिला हलवायचं नाही असा निर्णय लेखी झाला. एखादं घरटं खाऊन ती जेवढे उंदीर संपवते तो सौदा परवडतो, असं पशुवैद्यकांनी टिपणात नोंदवलं. दुर्मीळ प्रजातीचं घरटं असतं तर हा निर्णय वेगळा झाला असता, आणि व्हायला हवा.

जिवंत बिळं शून्य कधीच झाली नाहीत. एक-दोनवर स्थिर आहेत. मुंबईत, भरणीच्या जमिनीवर, याहून खालचा आकडा कागदावरच मिळतो.

पुन्हा करायचं झालं तर

क्रम उलटा लागेल. दाण्याचं वेळापत्रक पहिल्या आठवड्यात, त्यासाठी आदेशाची वाट न पाहता जादा भत्त्यावर एक माणूस दोन तास थांबवून. मग चार-सहा आठवडे सापळे. जाळीचं काम त्यानंतर, आणि ते करताना एका बाजूची जाळी शेवटपर्यंत उघडी ठेवून. पाऊस तोंडावर असेल तर जाळी ऑक्टोबरपर्यंत थांबू शकते, दाणा थांबू शकत नाही.

धामण हलवण्याआधी टरफलं पाहायला हवी होती. कॅमेऱ्याचा खर्च त्या एका सर्पमित्राच्या फेरीइतकाही नव्हता.

मासिक अहवालात ‘मारलेले उंदीर’ असा रकाना होता. तो काढून दोन रकाने आले: संध्याकाळी उचललेला दाणा ग्रॅममध्ये, आणि महिन्यातून एकदा बुजवून मोजलेली जिवंत बिळं. मारलेल्यांचा आकडा जुलै-ऑगस्टमध्ये मोठा दिसला आणि वरिष्ठ खूश झाले, पण तो आकडा वाढतो तेव्हा उंदीर कमी होत आहेत की जास्त पैदास होते आहे हे त्यातून कळत नाही. वहीत वजनाची वेळही लिहायची, हे गणपतीनंतर ठरलं.

एक प्रश्न सुटलेला नाही. भिंतीबाहेरच्या फुटपाथवर रोज सकाळी कबुतरांसाठी ज्वारी आणि चणे टाकले जातात. २०२५ मध्ये कबुतरखान्यांचा वाद उच्च न्यायालयापर्यंत गेला, त्यानंतर दाणा टाकणारे थांबले नाहीत, फक्त पहाटे लवकर येऊ लागले. तो दाणा रात्रीपर्यंत गटाराच्या झाकणापाशी पडून असतो आणि भिंतीच्या त्या कोपऱ्यात आडव्या जाळीवरचे पेव्हर दर महिन्याला उचकटलेले मिळतात. सध्या त्या सहा मीटरच्या पट्ट्यात पेव्हरऐवजी १०० मिलिमीटर काँक्रीट घालायचं अंदाजपत्रक मंजुरीला गेलं आहे, आणि वॉर्ड कार्यालयाला गल्ली सकाळी नऊऐवजी संध्याकाळी झाडण्याची विनंती केली आहे.